एका ग्रॅमसाठी गाडीभर पाला

मोर्शीहून सालबर्डीकडे जाताना वाटेवरच्या गावांत एक झुडूप हमखास दिसतं. ओट्याच्या कडेला, हातपंपाजवळच्या ओलीत, देवळामागे, संत्र्याच्या बागेच्या कुंपणाशी. पाच पाकळ्यांची गुलाबी किंवा पांढरी फुलं आणि गुळगुळीत गर्द हिरवी पानं. शेळ्याही सहसा त्याला तोंड लावत नाहीत. ही सदाफुली. वऱ्हाडातल्या वैशाखातही ती फुलायची थांबत नाही. साखरेच्या दुखण्यावर तिची चार पानं सकाळी उपाशीपोटी चावून खाणारी माणसं गावोगावी भेटतात. अलीकडे त्यात मोबाइलवरच्या निरोपांची भर पडली आहे: सदाफुलीच्या पानांचा रस घ्या, कॅन्सर बरा होतो.

या निरोपात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्या खऱ्यामुळेच तो धोक्याचा झाला आहे. सदाफुलीच्या पानात विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही दोन द्रव्यं असतात. दोन्ही कर्करोगावरची जगन्मान्य औषधं आहेत. रक्ताचा कर्करोग झालेलं वऱ्हाडातलं मूल नागपूरला किंवा मुंबईला टाटा रुग्णालयात दाखल झालं, तर त्याच्या उपचारात विनक्रिस्टिनचं इंजेक्शन बहुतेक असतंच. म्हणजे दारातल्या झाडात औषध आहे, ही गोष्ट सोळा आणे खरी.

आता हिशेब पाहू. एक ग्रॅम विनब्लास्टिन मिळवायला सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. विनक्रिस्टिन त्याहून दुर्मीळ. त्याच्या एका ग्रॅमला साधारण दोन टन. मोठ्या माणसाला विनक्रिस्टिनचा एक डोस बहुधा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. तेवढं औषध वाळल्या पानांत मोजायचं तर चार किलो भरतील, आणि ताजी पानं घेतली तर त्याच्या कितीतरी पट. चार पानांच्या रसात ते जवळजवळ नसतंच. जे असतं तेही पोटातून रक्तात नीट उतरत नाही, म्हणून डॉक्टर ते शिरेतून देतात. उलट त्या रसात सदाफुलीची बाकीची सव्वाशेहून अधिक अल्कलॉइडं एकत्र उतरतात. त्यांतली काही रक्तदाबावर परिणाम करतात, काही यकृताला त्रास देतात. ज्याच्यासाठी रस प्यायचा ते मिळत नाही, आणि नको ते सगळं मिळतं.

झाडातून औषध वेगळं काढणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला सदाफुलीचीच कथा सर्वांत चांगली.

१९५२ साली कॅनडात क्लार्क नोबल या निवृत्त डॉक्टरांना जमैका बेटावरून एक पाकीट आलं. आत सदाफुलीची पंचवीस पानं होती. तिथले लोक मधुमेहावर या पानांचा चहा पितात, इन्सुलिन मिळेनासं झालं की त्यावरच भागवतात, असं पाठवणाऱ्या डॉक्टरचं म्हणणं होतं. क्लार्क यांनी तरुणपणी टोरांटोत इन्सुलिनच्या संशोधनाला हातभार लावला होता, म्हणून पाकीट त्यांच्याकडे आलं. त्यांनी ते आपल्या भावाकडे, वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिलं.

रॉबर्ट यांनी पानांचा काढा उंदरांना पाजला. साखर तसूभरही हलली नाही. मग तोंडानं देऊन काही होत नसेल तर टोचून पाहावं म्हणून त्यांनी अर्क उंदरांना टोचला. आठवडाभरात उंदीर मेले. साखर कमी झाल्यामुळे ते मेले नव्हते. एरवी उंदराला काही न करणाऱ्या जंतूंनी त्यांच्या अंगात थैमान घातलं होतं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी जवळपास संपल्या होत्या आणि हाडांतला मगज ओस पडला होता.

इथे दुसरा कुणी असता तर वनस्पती विषारी ठरवून त्यानं वही मिटली असती. नोबल यांनी प्रश्नच बदलला. हा अर्क पांढऱ्या पेशी इतक्या झपाट्यानं संपवत असेल, तर ज्या रोगात पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात, त्या रोगात काय करील? ल्युकेमिया म्हणजे नेमकं हेच. औषधाच्या इतिहासातलं हे वळण फार मोलाचं आहे, कारण लोकांनी सांगितलेला गुण चाचणीत टिकला नाही आणि तरीही त्यांच्या सांगण्यामुळेच ती वनस्पती प्रयोगशाळेत पोचली.

१९५४ मध्ये चार्ल्स बिअर हा रसायनतज्ज्ञ नोबल यांच्याकडे आला. अर्कातली शेकडो द्रव्यं एकेक करून बाजूला काढायची आणि पांढऱ्या पेशी कोण संपवतं ते शोधायचं, हे काम त्याच्याकडे आलं. १९५८ साली दोघांनी न्यूयॉर्कमध्ये विनब्लास्टिनची माहिती जगापुढे ठेवली. त्याच सुमाराला अमेरिकेत एली लिली कंपनीतले गॉर्डन स्वोबोडा सदाफुलीवरच काम करत होते. त्यांनीही ती मधुमेहाच्या लोकऔषधाचा धागा धरूनच निवडली होती. विनक्रिस्टिन त्यांच्या गटानं वेगळं केलं, आणि १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

बिअर यांनी केलं ते काम पद्धत म्हणून आजही जवळपास तसंच चालतं. त्याची सुरुवात प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी होते. वनस्पती फुलांसकट दाबून, वाळवून, कागदावर लावून नमुना जपून ठेवतात. कुठून घेतली, कुठल्या महिन्यात घेतली, कोणी ओळखली, सगळं लिहितात. ओळखीत चूक झाली तर पुढची पाच वर्षं पाण्यात जातात.

मग पानं सावलीत वाळवून भरडतात आणि मिथेनॉलसारख्या द्रावकात भिजत ठेवतात. गाळून घेतलेलं द्रावण कमी दाबाखाली, बेतानं तापवून आटवलं की तळाशी काळपट हिरवा चिकट अर्क उरतो. त्यात हरितद्रव्य, मेण, साखर, टॅनिन, रेझिन सगळं असतं. सदाफुलीसारख्या झाडात हवी असतात ती अल्कलॉइडं, आणि त्यांचा एक स्वभाव कामी येतो. पाणी आंबट केलं की ती पाण्यात उतरतात, अमोनिया घालून पाणी क्षारीय केलं की पाण्यातून सुटतात आणि क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात जातात. हे आलटून पालटून केलं की हरितद्रव्य आणि मेण मागे राहतं.

पुढचा टप्पा क्रोमॅटोग्राफीचा. शाळेत खडूच्या तळाशी शाईचा ठिपका देऊन तो पाण्यात उभा करतात, तेव्हा एका काळ्या ठिपक्यातून निळे, जांभळे, पिवळे पट्टे वेगळे होऊन वर चढतात, तत्त्व तेच. हातभर उंचीच्या काचेच्या नळीत सिलिकाची पांढरी पूड भरतात, वरून अर्क सोडतात, मग वेगवेगळी द्रावकं हळूहळू खाली उतरू देतात. कुठलं द्रव्य सिलिकाला जास्त चिकटतं, कुठलं कमी. त्यामुळे एकेक पट्टा वेगळा होत खाली येतो आणि क्रमांक टाकलेल्या परीक्षानळ्यांत जमा होतो. प्रत्येक नळीतला थेंब एका पातळ पट्टीवर घेऊन त्यावर ड्रॅगेनडॉर्फ नावाचं द्रावण फवारतात. अल्कलॉइड असेल तिथे नारिंगी ठिपका उमटतो. तासन्‌तास नळीसमोर बसणाऱ्या विद्यार्थ्याला तो ठिपका दिसला की दिवस सार्थकी लागतो.

पण नारिंगी ठिपका म्हणजे औषध नव्हे. प्रत्येक नळीतलं द्रव्य कर्करोगाच्या पेशींवर घालून पाहायचं, ज्या नळीत पेशी मरतात ती पुढे न्यायची, बाकीच्या बाजूला ठेवायच्या, आणि निवडलेल्या नळीचे पुन्हा भाग पाडायचे. असं करत करत शेवटी एकच शुद्ध द्रव्य हाती येतं. त्याची रचना कळेपर्यंत काम संपत नाही. विनब्लास्टिनचा रेणू इतका गुंतागुंतीचा होता की त्याची नेमकी घडण क्ष-किरणांच्या मदतीनं १९६५ मध्ये पक्की झाली. विनक्रिस्टिनमध्ये आणि त्याच्यात फरक एका छोट्या गटाचा. एवढ्या फरकानं दोघांचे रोग बदलतात, डोस बदलतो, दुष्परिणामही बदलतात.

ही द्रव्यं पेशीत काय करतात? पेशी दुभंगताना आत बारीक नळ्यांची एक चौकट उभी राहते, आणि गुणसूत्रं तिच्या आधारानं दोन बाजूंना ओढली जातात. या नळ्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या असतात. विनक्रिस्टिन त्या प्रथिनाला चिकटतं, नळ्या उभ्याच राहत नाहीत, आणि दुभंगायला निघालेली पेशी अर्ध्यात अडकून मरते. कर्करोगाच्या पेशी सतत दुभंगत असतात, म्हणून मार त्यांना जास्त बसतो. पण असल्याच नळ्या मज्जातंतूंतही असतात. म्हणून विनक्रिस्टिन चालू असलेल्या मुलांची बोटं बधिर होतात, चालताना पाय लटके पडतात, बद्धकोष्ठ होतं. औषध शिरेबाहेर झिरपलं तर तिथलं मांस जळतं, आणि चुकून पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात टोचलं गेलं तर जीव जातो. त्याच्या वेष्टनावर ‘फक्त शिरेतून’ असं ठळक लिहिलेलं असतं ते याचसाठी.

एवढं जहाल असूनही डॉक्टर ते देतात. मुलांमधला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया पूर्वी निदानानंतर थोड्याच महिन्यांत मूल घेऊन जाई. आज विनक्रिस्टिन, स्टिरॉइड आणि आणखी काही औषधं ठरलेल्या क्रमानं, दोन-अडीच वर्षं नेटानं दिली, तर चांगल्या केंद्रांमध्ये दहांतली आठ-नऊ मुलं बरी होतात. मध्येच उपचार सोडून घरी काढा सुरू करणाऱ्या आईबापांना हा आकडा कुणीतरी शांतपणे, समोर बसून सांगायला हवा.

वनस्पतींमधून कर्करोगावरची औषधं वेगळी काढणाऱ्यांमध्ये सगळ्यांत वरच्या नावांपैकी एक महाराष्ट्रात जन्मलं, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी मोर्शी आहे, तर त्याच सातपुड्याच्या पश्चिम टोकाजवळ नंदुरबार. मनसुख वाणी यांचा जन्म तिथला, १९२५ सालचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून, मुंबईतच काही वर्षं शिकवून ते अमेरिकेत गेले. इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली आणि १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्‌रो वॉल यांच्याबरोबर कामाला लागले.

तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं मोठी मोहीम हाती घेतली होती. १९६० पासून दोन दशकांत सुमारे ३५,००० जातींच्या वनस्पतींचे एक लाखाहून जास्त अर्क तपासले गेले. त्यातून रुग्णापर्यंत पोचलेली औषधं हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यांतल्या दोन औषधकुळांचं मूळ द्रव्य वॉल आणि वाणी यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, यावरून त्यांच्या हाताची करामत कळावी.

पहिलं कॅम्पटोथेसिन, चीनमधल्या एका झाडातलं. त्याची रचना १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरं टॅक्सॉल, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू झाडाच्या सालीतलं. हे झाड लाकूडतोड्यांच्या लेखी टाकाऊ होतं. मोठी झाडं तोडली की याला जाळून टाकत. वाणींनी बारा किलो सालीतून अवघं अर्धा ग्रॅम टॅक्सॉल बाहेर काढलं. तेही अतिशय हळुवारपणे, एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांमध्ये अर्क पुन्हा पुन्हा घोळवत, कारण जास्त आम्ल-क्षार लागलं की रेणू मोडण्याची भीती. १९७१ मध्ये त्याची रचना छापून आली आणि नंतर कित्येक वर्षं फारसं कुणी त्याकडे पाहिलं नाही.

१९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी टॅक्सॉलची रीत उलगडली. विनक्रिस्टिन पेशीतल्या नळ्या उभ्याच राहू देत नाही, टॅक्सॉल त्या मोडूच देत नाही. चौकट जागच्या जागी गोठते आणि पेशी तशीच अडकून मरते. हे कळल्यावर मागणी वाढली आणि सालीसाठी यूची झाडं पडू लागली. साल काढली की झाड मरतं. १९९२ मध्ये बीजाशयाच्या कर्करोगासाठी टॅक्सॉलला मान्यता मिळाली तेव्हा अमेरिकेत झाड वाचवायचं की बाई वाचवायची, असा वाद पेटला होता. सुटका रसायनशास्त्रानं केली. युरोपातल्या यूच्या पानांमध्ये टॅक्सॉलच्या रेणूचा मोठा भाग तयार मिळतो. उरलेला प्रयोगशाळेत जोडता येतो. पानं पुन्हा येतात, झाड जगतं. आज स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे हेच टॅक्सॉल, घेणारी मोर्शी-वरुडची बाई ज्या रेणूच्या आधारानं बरी होते, तो नंदुरबारच्या माणसानं पहिल्यांदा शुद्ध रूपात काढला. वाणी २०२० मध्ये गेले. त्यांच्या नावाचा धडा आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवा.

कॅम्पटोथेसिनची वाट टॅक्सॉलहून खडतर होती. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचं सोडियम मीठ करून रुग्णांना दिलं गेलं. त्यानं गाठींवर फारसा गुण आला नाही, उलट मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चाचण्या थांबल्या. १९८५ मध्ये ते पेशीतल्या टोपोआयसोमरेज या विकरावर घाव घालतं हे कळलं आणि पुन्हा हालचाल सुरू झाली. त्याच्या रेणूत फेरफार करून टोपोटेकान आणि आयरिनोटेकान ही दोन औषधं तयार झाली. अमेरिकेत दोन्हींना १९९६ मध्ये मान्यता मिळाली. रचना कळल्यापासून औषध हाती येईपर्यंत तीस वर्षं गेली.

याच कॅम्पटोथेसिनचा दुसरा धागा महाराष्ट्रात आहे. मुंबईत गोरेगावला सिबा कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथे टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना १९७२ मध्ये सह्याद्रीतल्या एका लहानशा झाडात कॅम्पटोथेसिन सापडलं. हे झाड म्हणजे नरक्या. महाबळेश्वर, कोयना, राधानगरीच्या रानात तो वाढतो. फुलांना उग्र, नकोसा वास येतो. चीनच्या झाडाला मिळालेला हा पर्याय होता आणि पुढे परदेशातून त्याला मागणी आली. मग रानांतून नरक्याची खोडं रात्रीतून गायब होऊ लागली. कोल्हापूर-सिंधुदुर्गात वन खात्यानं पकडलेल्या नरक्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वरचेवर आल्या. एक झाड वाढायला बरीच वर्षं जातात. ते तोडणाऱ्या मजुराच्या हाती दिवसाची मजुरी पडते, आणि पुढची सगळी किंमत दुसऱ्या कुणाच्या खिशात जाते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या पेशी काचपात्रात वाढवून त्यांतून हे द्रव्य मिळवण्याचे प्रयोग झाले. रान न तोडता औषध मिळवण्याची दिशा हीच.

आता पुन्हा अमरावती जिल्ह्यात. मोर्शीच्या पश्चिमेला, सातपुड्याच्या पायथ्यानंच अंजनगाव सुर्जीला गेलं की पानमळे लागतात, पुढे अकोला जिल्ह्यात अकोट-तेल्हाऱ्यापर्यंत. इथला बारी समाज पिढ्यान्‌पिढ्या नागवेल आणि पानपिंपळी लावत आला आहे. दाट सावलीत, ओलाव्यात, आधाराच्या झाडांवर चढणारा हा पिंपळीचा वेल. त्याची बोटाच्या पेराएवढी हिरवी कणसं तोडून उन्हात वाळवली की काळी पडतात आणि बाजारात पिंपळी म्हणून जातात. मूळ गंठोडा म्हणून विकलं जातं. खोकल्यावर मधातून पिंपळी चाटलेली नाही असं घर वऱ्हाडात विरळाच.

या पिंपळीतलं पायपरलाँग्युमिन हे द्रव्य कर्करोगाच्या संशोधनात गाजलं. त्याच्या रचनेवरचा मोलाचा शोधनिबंध १९६७ सालचा, कोलकात्याच्या असीमा चॅटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्याचा. नंतर बरीच वर्षं ते द्रव्य पुस्तकात पडून राहिलं. २०११ मध्ये ‘नेचर’ या नामांकित नियतकालिकात अमेरिकेतल्या संशोधकांचा निबंध आला: पायपरलाँग्युमिन कर्करोगाच्या पेशी मारतं आणि निरोगी पेशींना सोडून देतं. जगभर बातम्या झाल्या. असं द्रव्य मिळणं म्हणजे या शास्त्राचं स्वप्नच. पुढे त्या निबंधातल्या आकृत्यांवर शंका घेतल्या गेल्या, दुरुस्त्या छापाव्या लागल्या आणि २०१८ मध्ये तो मागे घेतला गेला.

बातमी लाखो लोकांपर्यंत गेली; मागे घेतल्याची खबर मात्र त्या क्षेत्रातल्या लोकांपुरतीच राहिली. पिंपळीचं नाव घेऊन कॅन्सरचा दावा करणाऱ्या जाहिरातींना २०११ चा निबंधच पुरतो. शास्त्र तिथे थांबलं नाही, हेही सांगायला हवं. २०२१ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या दुसऱ्या एका गटानं दाखवलं, की हे द्रव्य मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगातल्या एका ठरावीक प्रथिनाला नेमक्या जागी चिकटतं, आणि त्याचा साठा हळूहळू सोडणारा जेलसारखा पदार्थ उंदरांच्या मेंदूत ठेवला तर गाठ आटोक्यात येते. प्रयोगशाळेपासून औषधापर्यंतचं अंतर कॅम्पटोथेसिननं किती वर्षांत कापलं, ते वर आलंच आहे.

प्रयोगशाळेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी मारणं अवघड नसतं. मोर्शी-वरुडच्या संत्र्याच्या सालीतली नोबिलेटिन आणि टँजेरेटिन ही द्रव्यं बशीत पेशींची वाढ रोखतात. हळदीतलं कर्क्युमिन रोखतं. मेळघाटातल्या बिब्ब्याचे अर्कही रोखतात. पण बिब्ब्याचं तेल नुसतं कातडीला लागलं तरी फोड उठतात, आणि वैद्यही तो विटेच्या भुकटीत घासून शुद्ध केल्याशिवाय पोटात देत नाहीत. खरा प्रश्न पुढे येतो. हे द्रव्य रक्तात पुरेसं पोचतं का, किती वेळ टिकतं, किती मात्रेत रोग मरतो आणि किती मात्रेत माणूस? कर्क्युमिनवर हजारो निबंध आहेत, तरी पोटातून ते रक्तात इतकं कमी जातं की कर्करोगाचं औषध म्हणून ते अजून उभं राहिलेलं नाही.

याचा अर्थ आपल्या रानात शोधण्यासारखं काही नाही, असा मुळीच नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. मेळघाटातल्या कोरकूंना ज्या वनस्पती ठाऊक आहेत, त्यांतल्या अनेकांची रासायनिक तपासणी नीट व्हायची आहे. अमरावती विभागातल्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकणारी मुलं दरवर्षी बाहेर पडतात. त्यांच्या हाती चांगली उपकरणं आणि चार-पाच वर्षांचा निवांत वेळ पडला, तर अर्क काढून बशीत पेशी मारण्यापाशी न थांबता पुढची पायरी त्यांना चढता येईल. त्याच वेळी ज्यांच्या माहितीवर काम उभं राहतं त्यांचा वाटाही आधीच ठरायला हवा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावपातळीवर समित्या आणि लोकांच्या ज्ञानाची नोंदवही यांची तरतूद केली आहे. ती नोंदवही कागदावर भरून कपाटात ठेवण्यासाठी नाही. सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्या औषधांवर कंपन्यांनी अमाप कमावलं, त्यातलं त्या बेटावर काही पोचलं नाही.

सदाफुलीचा पाला आजही लागतो. तमिळनाडूत शेतकरी तिची शेती करतात आणि पानं-मुळं औषधांसाठी बाहेर जातात. पण पुरवठा नाजूक आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत एका कंपनीनं विनक्रिस्टिन बनवणं थांबवलं, दुसरीकडे उत्पादन अडखळलं, आणि तिथल्या मुलांच्या कर्करोग विभागांत औषध पुरवून वापरायची वेळ आली. २०२२ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी यीस्टच्या जनुकांत छप्पन्न बदल करून त्याच्याकडून विनब्लास्टिनचे दोन घटक बनवून घेतले आणि ते जोडून औषध तयार केलं. पाल्याच्या गाड्यांऐवजी टाकीतल्या यीस्टमधून हे औषध यायला अजून वेळ आहे, पण वाट सापडली आहे.

तोवर रुग्णाच्या घरच्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. पिंपळीत आणि काळ्या मिऱ्यात पायपरिन असतं. ते इतर औषधं शरीरात जास्त वेळ टिकवतं. हा गुण ओळखून जम्मूच्या शास्त्रज्ञांनी क्षयाच्या रिफाम्पिसिनबरोबर पायपरिन घालून पाहिलं आणि ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिनमध्ये काम भागवणारी गोळी भारतात तयार झाली. क्षयरोग्याला त्याचा फायदाच. पण विनक्रिस्टिन यकृतातल्या ज्या विकरामुळे शरीराबाहेर पडतं, त्याच विकराला पायपरिन अडवतं. बुरशीवरची काही औषधं तेच विकर अडवतात, आणि ती विनक्रिस्टिनबरोबर दिल्यानं रुग्णांचे मज्जातंतू अधू झाल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. म्हणून केमो चालू असताना घरी मिरी-पिंपळी असलेलं त्रिकटू, पिंपळीचा काढा, सदाफुलीचा रस किंवा कुणी दिलेली पुडी काहीही चालू असलं, तरी ते डॉक्टरांना नाव घेऊन सांगावं, पुडी असेल तर सोबत न्यावी. कर्करोगाचे डॉक्टर हे विचारतात ते डोस ठरवण्यासाठी. रुग्णाला भीती वाटते की आपण काढा घेतो म्हणून डॉक्टर रागावतील, आणि तो गप्प बसतो; मग हातापायांचा बधिरपणा अचानक का वाढला, याचं उत्तर शोधायला डॉक्टरांचा वेळ जातो आणि पुढची केमो लांबते.